करकोच्याचा पाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या साइटचे मोठे साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले सुरक्षा अधिकारी, ज्यांनी आजवर माझ्या नावाने काढलेल्या नोटिसा एकमेकींना चिकटवल्या तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचतील. ज्यांच्यासाठी आपण सगळे अंगावरची धूळ झटकून इथे जमलो ते सत्कारमूर्ती, आपले क्रेनचे काका. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आणि फुलांचा गुच्छ कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे तो अजून मांडीवरच धरून असलेल्या काकू. स्टोअरचे भाऊ, ज्यांनी हा माइक कुठून पैदा केला ते विचारायचं नाही असं मला बजावण्यात आलंय. आणि समोर बसलेले सळईवाले, सेंट्रिंगवाले, वेल्डर, गवंडी, मुकादम, वॉचमनमामा, शिवाय मागे भिंतीला टेकून ‘हा आता किती पिळणार’ अशा नजरेने माझ्याकडे बघणारे माझे सगळे मित्र, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझं सगळं बदललं तो क्षण आजच्याच दुपारचा. भाषणाची सुरुवात अशी करायची नसते, हे मला ठाऊक आहे. भाऊंनी क्रम ठरवून दिला होता: ‘आधी कार्य, मग आठवण, मग शुभेच्छा, आणि मुकाट खाली बस.’ पण क्रम माझ्या हातात राहिला नाही. दुपारच्या चहाला काकांनी मला मिक्सरच्या मागे बाजूला घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. माझ्या हातातला चहा तसाच निवला. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “उद्या सकाळी वर कोण चढणार? तू, का कोणीच नाही?”

मी तोंड उघडलं तर ते म्हणाले, “आत्ता नको. आत्ता तू तापलेला आहेस. संध्याकाळी माझ्याबद्दल चार खोटे शब्द बोलायला उभा राहशील ना, तेव्हा सांग.”

तेव्हा मंडळी, हे निरोपाचं भाषण आहे आणि ते उत्तरही आहे. दोन्ही एकाच दमात उरकायचं म्हणजे थोडी ओढाताण होणार. सांभाळून घ्या.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मी काकांचा सिग्नलमन. काका वर केबिनमध्ये, मी खाली चिखलात. वरून त्यांना हुक दिसतो, पण हुकाखाली कोण येऊन उभं राहिलंय ते दिसेलच असं नाही. ते मी बघायचं आणि वॉकीटॉकीवर सांगायचं: उचला, थांबा, डावीकडे, अजून थोडं, सावकाश, टेकवा. दिवसभर मी एवढंच बोलतो. लग्न झालेल्या मित्रांनी मला सांगितलं आहे की घरीही साधारण एवढंच बोलणं होतं. तर गेल्या महिन्यात माझाही ऑपरेटरचा परवाना आला. काका आज निवृत्त होतायत आणि उद्यापासून वरची खुर्ची माझी, असं ठरलेलं आहे. म्हणजे आज दुपारच्या चहापर्यंत तरी ठरलेलं होतं.

आता कार्य. काकांच्या कार्याबद्दल मी काय बोलावं? त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी उचलली आणि जिथे सांगितली तिथे, काही न मोडता, ठेवली. एकदा आपले वेल्डरबाबा लोखंडी तुळईवर पाण्याचा ग्लास विसरले. काकांनी ती तुळई उचलली, फिरवली, वर नेऊन बसवली. बाबा वर पोचले तर ग्लास जागच्या जागी आणि पाणी काठोकाठ. बाबांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि मग तुळईवरच बसकण मारली. सुरक्षा अधिकारी साहेब, तुम्ही खोकलात. हा प्रकार तुम्हाला आजच कळतोय हे माझ्या लक्षात आलं. पण सत्कारमूर्तींवर आता नोटीस काढता येत नाही, आणि ग्लासही आता सापडायचा नाही.

काकांना ‘करकोचा’ हे नाव मात्र माझ्यामुळे पडलं. ते कसं पडलं ते सांगायचं तर मला माझ्या शिक्षणाकडे वळावं लागेल. घाबरू नका, फार मोठा विषय नाही तो, अर्ध्यातच संपतो.

मी कॉलेजात फ्रेंच शिकत होतो. हसा, हसून घ्या. सळई बांधणाऱ्या मंडळींना हा विनोद कधी जुना होत नाही. मी फ्रेंच घेतलं कारण तिने फ्रेंच घेतलं होतं. साहेब, राग मानू नका, पण माणसं याहून फालतू कारणांनी इंजिनिअर होतात.

एक दिवस बाईंनी फळ्यावर एक पक्षी काढला. लांब मान, लांब पाय. करकोचा. त्याला त्या भाषेत ‘ग्र्यू’ म्हणतात. म्हणताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. मागच्या बाकांवर तर शिट्ट्याच वाजल्या. मग बाईंनी त्याच पक्ष्याशेजारी एक उभी रेघ मारली, तिच्या डोक्यावर एक आडवी, आडवीच्या टोकाला एक दोरी. म्हणाल्या, “हीसुद्धा ग्र्यूच.” म्हणजे आपली क्रेन. ज्याने पहिल्यांदा तिला हे नाव दिलं त्याने काही फार डोकं चालवलं नसेल, नुसती मान वर केली असेल. मग बाईंनी पक्ष्याचा एक पाय डस्टरने पुसून टाकला. “आणि ‘करकोच्याचा पाय करणं’ म्हणजे कोणाची तरी वाट बघत एका जागी ताटकळणं. तो एका पायावर उभा असतो ना, तसं.”

पुढच्या बाकावरून तिने हात वर केला. “बाई, पण तो पक्षी कोणाची वाट बघत असतो?”

बाई म्हणाल्या, “माशाची.”

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिने वहीत लिहून घेतलं: मासा. मी शेजारच्या रांगेतून बघत होतो. तेव्हाच माझं जे काय व्हायचं ते होऊन गेलं.

त्या शब्दाला चौथा अर्थही आहे. तो बाईंनी सांगितला नाही, आणि काकू बसल्यात म्हणून मीही या व्यासपीठावरून सांगणार नाही. बाईमाणसाला उद्देशून करायची शिवी आहे, एवढं पुरे. मागच्या बाकावरच्या एकाने तो शब्दकोशात हुडकला आणि मधल्या सुट्टीत तिच्याकडे बघून वापरला. मी तोच शब्दकोश उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. जाड होता. प्राचार्यांनी माफी मागायला सांगितली. मी म्हटलं, शब्दकोशाची मागतो, त्याची शिवण उसवली. झालं. मी कॉलेज सोडलं. काढलं नाही, मीच सोडलं, एवढा फरक कृपया लक्षात घ्या.

तुम्हाला वाटेल ती खूश झाली असेल. मलाही वाटलं होतं. ती फाटकाशी मला गाठून म्हणाली, “तुला कोणी सांगितलं होतं मारायला?”

“अगं, तो तुला काय म्हणाला कळलं का?”

“मलाच काय, कोणालाच कळलं नव्हतं. आता अख्ख्या कॉलेजने शब्दकोश उघडलाय. तुझ्यामुळे.”



तर कॉलेज सुटलं आणि मी इथे आलो. ही साइट का निवडली? पगार? जेवणाची सोय? नाही. आपल्या मागच्या रस्त्यापलीकडे मुलींचं होस्टेल आहे, आणि वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी तिची होती. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. वॉकीटॉकीचा चॅनेल सगळ्यांना मिळून एकच असल्यामुळे माझ्या आयुष्यातली कोणतीच गोष्ट या साइटवर खाजगी राहिलेली नाही. मुकादम तर मला रोज सकाळी विचारायचे, “काय रे, आज खिडकीला कोणता पडदा?”

पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत काकांना ग्र्यूची हकिकत सांगितली. काका डबा खाली ठेवून वर बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे तिकडच्या लोकांनाही हे असंच दिसलं तर.” त्यांना फार समाधान वाटलं. कुठल्या तरी परक्या मुलुखातलं कोणी आपल्यासारखीच मान वर करून उभं आहे, असं काहीसं. आणि मग ते बूट काढायला एका पायावर उभे राहिले, आणि त्यांची ती मान, ते पाय... नाव मी दिलं नाही हो. नाव तिथे होतंच.

आता मुद्द्याचं. तिची परीक्षा जवळ आली तेव्हा तिने फट्‌कन सांगितलं, “परीक्षा होईपर्यंत फोन करायचा नाही. तुझा फोन आला की माझा अख्खा दिवस वाया जातो.” हे मी कौतुक म्हणून घेतलं. मग म्हणाली, “तुझा तो करकोचा आहे ना, त्याची चोच माझ्या खिडकीकडे कर. म्हणजे मी समजेन तू साइटच्या फाटकाशी उभा आहेस. वेळ असला तर खाली येईन. नसला तर नाही येणार. रागवायचं नाही.”

चोच म्हणजे क्रेनचा तो लांब आडवा हात. आपण त्याला बूम म्हणतो. आता बूम फिरवणं काही माझ्या हातात नव्हतं, पण दिवसाचा शेवटचा फेरा कुठे संपवायचा ते सांगणं माझ्या तोंडात होतं. मी शेवटचं ओझं रोज मागच्या कुंपणाशी उतरवून घ्यायला लागलो. पाइप असोत, फळ्या असोत, रिकामी बादली असो, सगळं कुंपणाशी. काही दिवसांनी वरून आवाज आला, “सिग्नल, आपण इमारत इथे बांधतोय का तिथे?” चॅनेलवर सगळे हसले. जरा वेळाने काकाच म्हणाले, “किती वेळ धरून ठेवू?”

“काका, पाच मिनिटं.”

“मग पळ.”

ती पाच मिनिटं, मंडळी, हे काकांचं खरं कार्य. कुठल्याही मानपत्रात ते येणार नाही. पाळी संपल्यावर घरी जायच्या घाईत असलेला माणूस वर एकटा बसून राहायचा, कारण खाली एक पोरगा फाटकाकडे धावत होता. ती कधी यायची, बरेचदा नाही यायची. आली की रस्त्याच्या पलीकडच्या कठड्यावर बसून आम्ही बोलायचो. म्हणजे ती बोलायची. मी फक्त भांडायचो, मला दुसरं येत नाही. भांडण संपेपर्यंत मागे क्रेनचा हात हळूहळू दुसरीकडे वळलेला असायचा.

तो का वळायचा, ते पाहुण्यांना सांगायला हवं. काम संपलं की क्रेनचा ब्रेक सोडून ठेवतात. बांधून ठेवत नाहीत. वारा येईल तसं तिला फिरू द्यायचं. वारा जिकडे जाईल तिकडे तिची चोच. घट्ट धरून ठेवली आणि रात्रीतून आडवा वारा सुटला तर अख्खी क्रेन उताणी पडते. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं. तिला सांगायचं मात्र मला कधी सुचलं नाही. तिला वाटायचं, चोच फिरवतो तो मी.

परीक्षा झाली. आणि एक दिवस ती नव्हती. खिडकीला पडदाच नव्हता. होस्टेलच्या मावशी म्हणाल्या, “ती ना? गेली की. शिकायला गेली, परदेशात. तुला सांगितलं नाही होय?”

त्या ‘होय’चा आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर मी कसा वागलो ते तुम्ही पाहिलंय आणि सोसलंय. मी रोज शेवटचा फेरा कुंपणाशीच संपवत राहिलो. काकांनी काही दिवस चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी म्हणाले, “तिथे कोणी नाही रे आता.” मी म्हटलं, एक रात्र ब्रेक लावून ठेवा. एकच रात्र राहू दे तिकडे तोंड. ते म्हणाले, “नाही.” मी म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय? ते म्हणाले, “खाली वस्ती आहे.” बस, एवढंच. माझं डोकं फिरलं. मी चॅनेलवर ओरडलो, तुम्हाला काळीज नाही, हुक आहे हुक! आणखीही बरंच बोललो. सगळ्या साइटने ऐकलं. वेल्डरबाबांनी काम थांबवून काच वर केली. नंतर ब्रेक सुटल्याचा तो परिचित आवाज आला, आणि बूम खिडकीवरून सरकत सरकत निघून गेली. मी ती जाताना बघत होतो.

तेव्हापासून आज दुपारपर्यंत आमच्यात एकही जास्तीचा शब्द झाला नाही. कल्पना करा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांच्या कानात बोलत होतो. उचला. थांबा. डावीकडे. टेकवा. एखाद्याशी इतकं बोलून इतकं एकटं राहता येतं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर जायचो. खोलीत एक खाट, एक नळ आणि शेजारच्यांचा टीव्ही, भिंतीतून ऐकू येणारा. सुट्टीनंतर तर माझा स्वतःचा आवाज मला सोमवारी सकाळी पहिल्या ‘उचला’ला ऐकू यायचा. जरा बसलेला असायचा.

आणि तरी, मंडळी, या अबोल्याच्या काळातच काकांनी मला क्रेन शिकवली. बोलत नव्हते, पण शिकवत होते. शिडी चढून गेलो की ते खुर्चीतून उठायचे आणि खुर्चीकडे हात करायचे. मी चुकलो की माझ्या हातावर हात ठेवायचे आणि लिव्हर बरोबर तिथे न्यायचे. आमच्या फ्रेंचच्या बाईंनी सांगितलं होतं की जुन्या वंशावळींत बापाकडून मुलांकडे जाणाऱ्या तीन रेघा काढत, आणि त्या करकोच्याच्या पावलासारख्या दिसत. मला माझी वंशावळ कोणी विचारली तर मी कुठून सुरू करीन हे काकांना आता कळलं असेल. मी ते चॅनेलवर कधीच बोललो नसतो.

आता आज दुपार.

मिक्सरच्या मागे काका म्हणाले, “ती जायच्या आधी इथे आली होती.”

मी म्हटलं, “कोण?”

“कोण काय! तुझी ती. त्या मोठ्या वाऱ्याच्या दिवशी.”

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. वाऱ्यामुळे सकाळीच काम बंद केलं होतं, सगळ्यांना सुट्टी. मी ताईकडे गेलो होतो. भाचीला खांद्यावर घेऊन मी जगातलं सगळ्यात निवांत दुपारचं जेवण जेवत होतो. इथे क्रेन मोकळी सोडलेली आणि वारा दिवसभर एकाच दिशेने वाहत होता. रस्त्यापलीकडे. होस्टेलकडे.

काका संध्याकाळी क्रेन ठीक आहे ना ते बघायला आले, तर फाटकाशी एक मुलगी उभी. एक पाय मागे भिंतीला टेकलेला, ओढणी तोंडाभोवती घट्ट धरलेली, डोळ्यांत धूळ.

“कोणाची वाट बघतेस, पोरी?”

“तुमच्या सिग्नलमनची. त्याने बोलावलंय.” आणि तिने वर बोट केलं.

काकांनीही वर बघितलं. “अगं, त्याने नाही. तो इथे नाहीच. आज वाऱ्यावर आहे ती.”

तिला कळेना. काकांनी समजावलं, आत्ता तुम्हाला मी सांगितलं तसंच. ती ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. म्हणाली, “सकाळपासून बघतेय. पाच मिनिटं होऊन गेली, तास झाला, दुपार झाली, तरी हलत नाही. म्हटलं आज काय हट्ट आहे मेल्याचा! शेवटी चिडून आले. केव्हाची उभी आहे.”

“फोन लावू का त्याला? बहिणीकडे गेलाय. तासाभरात येईल.”

काका सांगत होते, तिने ओढणीने डोळ्यांतली धूळ पुसली. मग म्हणाली, “येईल, तेच तर. मी परवा जातेय. आज तो आला तर परत जाणार नाही. कॉलेज सोडलं तसं हेही सोडेल. विमानतळापर्यंत येईल, तिथे कोणाशी तरी मारामारी करेल, आणि मग माझंच पाऊल निघणार नाही.”

“मग काय सांगू त्याला?”

“काही नका सांगू. मी आले होते हेही नका सांगू.”

“कधीच नको?”

तिने पुन्हा वर बघितलं. “ती शिडी केवढी आहे हो?”

“चांगलीच आहे. दम लागतो.”

“मग तो एकटा वर चढायला लागला की सांगा. तिथून माणूस एकदम पळत सुटू शकत नाही ना?”

काका म्हणाले, “नाही. उतरेपर्यंत डोकं थंड होतं.”

“तेवढंच करा मग,” असं म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.

काकांनी शब्द पाळला. मी त्यांना चॅनेलवर काळीज नसलेला म्हणालो तेव्हाही पाळला. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना. उद्या मी वर चढल्यावर सांगायचं होतं, पण उद्या ते इथे नसतील, म्हणून आज सांगितलं. म्हणाले, “शिडीचं काम मिक्सरवर भागवतोय, जमतंय का बघ.”

काका, नाही जमलं. खरं सांगतो. चहानंतर मी खोलीवर गेलो आणि पिशवी भरली. ती तिथे, दाराशी आहे. भाऊ मघाशी म्हणाले, “भेटवस्तू वाटतं? टेबलावर ठेव ना.” भाऊ, त्यात माझे कपडे आहेत. पहिल्या गाडीने तिच्या गावी जायचं, तिच्या घरच्यांकडून पत्ता घ्यायचा, नाही दिला तर दारात बसायचं. मग पुढे? मुकादमांनी ते मघाशीच विचारलं. “पासपोर्ट आहे का?” नाही. “पैसे?” नाही. “मग समुद्र कसा ओलांडणार, शब्दकोश मारून?” मुकादम, माझ्या अंगाची लाही होत होती, हातात पिशवी होती म्हणून तुम्ही वाचलात.

पण इथे, या टेबलामागे, साहेबांचं भाषण चालू असताना (साहेब, माफ करा, मी मधला बराचसा भाग ऐकला नाही) मी दुसराच विचार करत होतो. इतके दिवस मी धरून चाललो होतो की वाट फक्त मीच पाहिली. तो एक पाय फक्त माझाच. आणि मी नव्हतो त्या दिवशी ती तिथे उभी होती. मी बोलावलं नव्हतं, तरी ती आली. चिडून आली, पण आली. मग तिला कळलं की बोलावणारं कोणी नाही, तरी ती लगेच निघून गेली नाही, माझ्याबद्दल उभ्या उभ्या एवढा विचार करून गेली. माझा स्वभाव तिने एका ओळीत सांगितला, आणि चूक सांगितला म्हणायला मला जागा नाही. तिला माझी खात्री होती की मी पळत येईन. आणि मी पळत गेलो तर ती खात्री खरी ठरेल, एवढंच होईल. ती परत येणार नाही. तिथे तिचं चांगलं चाललं असेल. त्या भाषेत आता ती स्वप्नंसुद्धा बघत असेल, आणि तिकडच्या क्रेन बघून तिला माझी आठवण येत असेल असं मानायला मला फार आवडेल, पण तसं काही नसणार. क्रेन सगळीकडे असतात. माणूस किती वेळा मान वर करेल?

मला अजून ती हवी आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. चॅनेल उघडाच आहे.

काका, आता तुमच्याबद्दल शेवटचं. या हॉलमध्ये किती समारंभ झाले, कितीजणांचे निरोप, वाढदिवस, काम पूर्ण झाल्याच्या मेजवान्या. तुम्ही एकाही समारंभाला शेवटपर्यंत थांबला नाहीत. भाषणं झाली, जेवणाची भांडी उघडली, वास सुटला, की तुम्ही उठायचात. कोणी आग्रह केला तर म्हणायचात, “ज्याला सकाळी वर चढायचंय त्याने वेळेत झोपावं.” काकू दर वेळी अर्ध्या जेवणातून उठून तुमच्यामागे निघायच्या. मला वाटायचं, कसला कोरडा माणूस आहे हा.

आज तुम्ही बसा. काकूंना पोटभर जेवू द्या. तो गुच्छ कोणीतरी घ्या त्यांच्या हातातून. तुम्ही सगळ्यांत शेवटी उठा, गाणी झाल्यावर, दिवे मालवताना. आज तुम्हाला थांबता येईल. मला थांबता येणार नाही.

भाऊ, माझं ताट वाढू नका.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला बोलू दिलं, आणि मधेच घड्याळाकडे पाहूनही थांबवलं नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांचे आभार, ग्लासाबद्दल ते आता विसरतील या आशेवर. भाऊंचे, मुकादमांचे, वेल्डरबाबांचे, वॉचमनमामांचे, आणि मागे इतका वेळ उभ्या राहिलेल्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाबद्दल कमीजास्त बोललो असेन, तर ते माझ्या वयाच्या आणि डोक्याच्या खात्यावर टाका, मनात ठेवू नका. काका, नमस्कार करतो. पाठीवर थोपटू नका, मग मला निघता येणार नाही.

मित्रांनो, जरा वाट द्या. पिशवी इकडे सरकवा. हसू नका, खोलीवरच जातोय. बाहेर वारा सुटलाय, दार मी ओढून घेतो, नाहीतर तुमच्या ताटांत धूळ येईल.